उलटा सात

माझ्या नवऱ्याची कानटोपी मी परक्या बाईच्या डोक्यावर पाहिली, तेव्हा आमची हॉक्स टीम दोन गोलनी मागं होती. त्यामुळं मी का ओरडले हे कुणालाच कळलं नाही.

"रेफ्री, डोळे उघड!" असं मी ओरडले होते, पण नजर रेफ्रीवर नव्हतीच. समोरच्या बाकांवर, कॅरो गावच्या लोकांत, एक तांबड्या केसांची बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. निळी-पांढरी कानटोपी, वर पांढरा गोंडा, आणि कपाळावर सात. उलटा सात. इंग्रजी साताची चोच डावीकडं असते, ह्या साताची उजवीकडं होती. कॅनडाच्या ह्या अख्ख्या सस्कॅचेवान प्रांतात असा सात एकाच बाईनं विणलाय आणि ती बाई मी आहे.

ओरेस्टला जाऊन चार हिवाळे झाले. त्याची टोपी माझ्या पलंगाशेजारच्या खणात असते. त्या दिवशी सकाळीसुद्धा मी ती पाहिली होती. रोजच पाहते, त्यात लाजायचं काय? मग ही कुठली?

मला एकच उत्तर सुचलं. ओरेस्ट कॅरोला होणाऱ्या सामन्यांना एकटा जायचा. शनिवारी मला वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम असायचं, सुट्टी मिळायची नाही. हा आपला सकाळपासून ट्रकचं इंजिन गरम करत ठेवायचा आणि शीळ घालत निघायचा. इतकी वर्षं मला वाटत होतं की शीळ हॉकीसाठी आहे. तर हा मी विणलेल्या टोपीसारखीच टोपी करवून तिला घालत होता! जोडीजोडीनं! ती तिच्या डोक्यावर आणि मी विणलेली ह्याच्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या साताची गोष्ट आमच्या हॅझलडीन गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लाइल बोयको नावाचा पोरगा तेव्हा हॉक्सकडून सात नंबर घालून खेळायचा. आठवडाभर गॅरेजमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि बर्फावर उतरला की वाऱ्यासारखा पळायचा. ओरेस्ट त्याच्या दुप्पट वयाचा, पण बोयको म्हटलं की लहान पोरासारखा करायचा. म्हणून मी बोयकोच्या जर्सीवरचा सात पातळ कागदावर गिरवून घेतला, आणि त्यावरून टोपी विणली. कागद उलट्या बाजूनं समोर धरलाय हे टोपी पुरी होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्याच सामन्याला सगळी रिंक हसली. "ओरेस्ट, तुझा सात घरी परत निघालाय की काय?" कुणीतरी वरून ओरडलं.

"बायकोनं विणलाय," ओरेस्ट म्हणाला. "तिच्यापुढं मी वळतो, आकड्याची काय कथा!"

घरी आल्यावर मी टोपी मागितली. "आण इकडं, उसवते आणि नीट करून देते."

"हात लावून तर बघ," तो म्हणाला. "आरशात मला बरोबर दिसतो."

त्याच हिवाळ्यात माझ्या बोटांचे सांधे धरले. सुया हातात राहीनात. म्हणजे ती टोपी माझं शेवटचं विणकाम. मी ओरेस्टला बजावलं होतं, "ही हरवलीस तर तूही घरी येऊ नकोस." चेष्टेनंच म्हटलं होतं. पण माझ्या चेष्टेला लोक जरा घाबरतात, हे मला मान्य आहे.

दुसरा डाव संपला आणि बर्फ घोटायची गाडी मैदानात आली. सगळे कॉफीला पळाले. मी घोंगडी बाकावर टाकून जागा धरली आणि त्या बाईच्या मागं रांगेत जाऊन उभी राहिले. जवळून तर टोपी जास्तच ओळखीची वाटायला लागली.

"टोपी छान आहे हो," मी म्हणाले. आवाज गोड काढला होता, तरी तिनं दचकून मागं पाहिलं.

"ही? माझी लकी टोपी आहे," ती हसली. "ही घातली की कॅरो जिंकते. बघताय ना?"

"बघतेय. कुठं घेतली?"

"घेतली नाही, मिळाली. एका पुरुषानं फेकली आणि मी झेलली म्हणा ना!" तिनं चक्क डोळा मारला.

माझ्या हातातला रिकामा कप चेपला गेला. "नाव काय त्या पुरुषाचं?"

"आता ते कुणाला ठाऊक! अहो, तुमच्या त्या बोयकोनं आमच्याच रिंकवर हॅटट्रिक केली नव्हती का? बरीच वर्षं झाली. मग रीतीप्रमाणं तुमच्या लोकांनी बर्फावर टोप्या फेकल्या, आमच्या आजूबाजूच्यांनीही फेकल्या. इतका सुंदर तिसरा गोल होता की मीसुद्धा माझी फेकली, शत्रूचा असला म्हणून काय झालं! नंतर सगळ्या टोप्या खोक्यात भरून दाराशी ठेवल्या. मी जाईपर्यंत माझी कुणीतरी उचललेली. मग खोक्यात उरलेल्यांतली ही घेऊन आले. उघड्या डोक्यानं जाते की काय त्या थंडीत?" मग हात पुढं केला. "मी ग्लेनिस."

"मी स्टेफा." हात मिळवला, पण विश्वास काडीचा नव्हता. ओरेस्टची टोपी घरी आहे, मग खोक्यातून कशी येईल? नाटकी बाई. "जरा बघू का? विणकाम बघायचंय."

तिनं टोपी काढून दिली. मी ती उलटी केली. आणि गोंड्याच्या खाली, आतल्या बाजूला, लाल धाग्याची गाठ दिसली.

माझी आई प्रत्येक टोपीच्या आत लाल धागा बांधायची, दृष्ट लागू नये म्हणून. आम्हा युक्रेनी लोकांत बऱ्याच घरी बांधतात, पण आईची गाठ दुहेरी असायची आणि ती तिनं फक्त मला शिकवली होती. ओरेस्टला त्यातलं काही माहीत नव्हतं. धागा सांगून बांधला तर त्याचा गुण जातो.

ग्लेनिस खरं बोलत होती. तिच्या डोक्यावर होती तीच माझी टोपी. मग गेली चार वर्षं मी खणातून काढून छातीशी धरते ती कुणाची?

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" ग्लेनिस विचारत होती. मी टोपी तिच्या हातात कोंबली, घोंगडी घेतली आणि बाहेर पडले. तिसरा डाव बाकी असताना स्टेफा निघाली हे पाहून दारावरच्या माणसानं विचारलं, "कोण गेलं?"

"माझी अक्कल," मी म्हणाले.

घरी येऊन खण उघडला, टोपी काढली, उलटी केली. आत लाल धागा नव्हता. धाग्याची टोकंसुद्धा दिसत नव्हती, सगळी आतल्या आत बेमालूम जिरवलेली. टाके इतके घट्ट आणि सारखे की बोटानं चाचपावेत आणि एकही उंच-सखल लागू नये. माझ्या हातचं विणकाम असं कधीच नव्हतं. माझे टाके कधी सैल, कधी ओढलेले. हे मला आधी कसं दिसलं नाही? दिसलं नाही, कारण टोपीत नवऱ्याचं डोकं होतं आणि मी डोकं बघत होते.

ओरेस्टनं मला टोपी घातली होती. अगदी शब्दशः.

आणि असे टाके हॅझलडीनमध्ये एकच बाई घालते.

बर्निस लुंडग्रेन! दुसरी कुणी असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण बर्निस! माझ्याशी ओळख व्हायच्या आधी ओरेस्ट एक अख्खा हिवाळा बर्निसबरोबर नाचायला जायचा. पुढं तिनं लुंडग्रेनशी लग्न केलं, तो लवकर गेला, आणि ही रिंकच्या कॅन्टीनच्या खिडकीत बटाट्याचे काप तळत उभी राहिली. ओरेस्टच्या कापांवर ती नेहमी जास्त ग्रेव्ही घालायची. "मोजून घालते मी सगळ्यांना," असं म्हणायची. मला डोळे आहेत की नाहीत?

शिवाय गावच्या जत्रेतलं विणकामाचं पहिलं बक्षीस. दरवर्षी लाल फीत बर्निसला, निळी मला. पहिला नंबर ती, दुसरा मी, जसा काही कायदाच होता. फक्त एकदा हे उलटं झालं. बोटं धरली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी म्हटलं, शेवटचं विणकाम आहे, ओरेस्टची टोपी धुऊन ठेवू या स्पर्धेत.

"अगं, वापरलेली टोपी कोण ठेवतं स्पर्धेत?" ओरेस्ट म्हणाला होता. "लोक हसतील."

"आधी हसलेच आहेत."

"पण तो सात..."

"सात राहू दे. तूच म्हणालास ना हात लावू नकोस?"

आणि मला लाल फीत मिळाली. परीक्षक बाईंनी तर टोपी हातात धरून सगळ्यांना दाखवली. म्हणाल्या, "इतके एकसारखे टाके मी आयुष्यात पाहिले नाहीत, आकडा उलटा ठेवण्यातली गंमतही न्यारी." बर्निसला त्या वर्षी निळी. ती टाळ्या वाजवत होती. ओरेस्ट माझ्या शेजारी पांढराफटक उभा होता. मला वाटलं, आनंदानं. दोन दिवस तो नीट जेवला नव्हता. तेही आनंदानंच असेल असं मी धरून चालले.

त्यानंतर दर सामन्याला मी ओरेस्टला घेऊन मुद्दाम कॅन्टीनच्या खिडकीशी जायची. त्याच्या डोक्यावरची टोपी नीट करायची आणि म्हणायची, "बर्निस, विणकाम असं असावं. नुसती सुई चालवून होत नाही, जीव ओतावा लागतो." बर्निस टोपीकडं पाहायची आणि म्हणायची, "छान आहे हो." तिच्या पोटात दुखत असणार म्हणून मला कोण समाधान!

ते सगळं आता आठवलं आणि कान तापले. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची लाल फीत मी खिळ्यासकट ओढून काढली. टोपी आणि फीत पिशवीत टाकली आणि बर्निसच्या घरी गेले. अजून ऊन होतं. बर्फाळ रस्त्यावर मी कशी चालले देव जाणे. पडले असते तर बर्निसच्या नावानंच पडले असते.

कंबर दुखते म्हणून बर्निसनं कॅन्टीन सोडलंय. रेडिओवर सामना ऐकत ती टेबलाशी विणत बसली होती. मला पाहून म्हणाली, "अगं, तिसरा डाव चाललाय आणि तू इथं? कोण मेलं?"

मी टोपी टेबलावर आपटली. "ही कुणाची?"

तिनं टोपीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग रेडिओ बंद केला. चालू सामन्यात बर्निसनं रेडिओ बंद केला तिथंच मी काय ते समजले.

"बस," ती म्हणाली.

"बसायला आले नाही. कितीदा आला होता तो इथं?"

"माप द्यायला एकदा, आणि मग टोपी होईपर्यंत."

"डोक्याचं माप तू घेतलंस?"

"मग काय तुझ्याकडं मागायला येऊ?" बर्निस भडकली. "तुझ्याच भीतीनं आला होता बिचारा. बोयकोच्या हॅटट्रिकला टोपी फेकून बसला. भान राहिलं नाही म्हणाला. नंतर खोक्याशी गेला तर आपली गायब आणि कुणाची तरी हिरवी शिल्लक. उघड्या डोक्यानं गाडी हाकत आला, कान लाल झालेले. त्या आठवड्यात तू आजारी बहिणीकडं रेजायनाला होतीस. दारात उभा राहून म्हणाला, बर्निस, तिच्या हातून आता दुसरी होणार नाही. ती परत यायच्या आत मला तीच टोपी पाहिजे."

"आणि तुला आनंदाच्या उकळ्या फुटल्या."

"फुटल्या," बर्निस म्हणाली. तोंड लपवलं नाही तिनं. "का फुटू नयेत? कित्येक वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात कुणी पुरुष बसला नव्हता, आणि हा तर तोच होता."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण ती थांबली नाही.

"पण सुख कसलं! अगं, टोपी समोर नव्हती. सगळं तोंडी सांगत होता. इथं पांढऱ्या तीन ओळी, मग निळी, इथं टाका जरा ओढलेला. मी म्हटलं, ओढलेले टाके मी घालत नाही. तेवढं माझं ऐकलं त्यानं. सातावर आलो तर मी सुलट विणला. हातांना सवयच ती. तर म्हणतो, उसव. मी म्हटलं, उलटा म्हणजे चूक आहे, बाबा. म्हणतो, चूक आहे म्हणूनच तर ती तिची. पुन्हा विणला, हात पुन्हा सुलट गेला. पुन्हा उसवायला लावला. मी चिडून म्हटलं, ओरेस्ट, तिला नीट सात विणून दिला तर तिलाच बरं वाटेल. तर म्हणाला, मला वाटणार नाही."

मी खुर्चीवर बसले. पाय दुखत होते.

"माझ्या स्वयंपाकघरात, मी केलेला केक खात," बर्निस म्हणाली, "तो तुझी चूक शिकवत बसला होता मला. आणि वर तू खिडकीशी येऊन म्हणायचीस, जीव ओतावा लागतो."

"एकदाही बोलली नाहीस."

"शब्द दिला होता. आणि खरं सांगू? तुला माझं विणकाम मिरवताना बघण्यात मजा यायची. फक्त त्या जत्रेत नाही आली. माझ्याच टोपीनं मला हरवलं. मी त्या दिवशी ओरेस्टला गाठलं आणि म्हटलं, लोकरीचं मी काही मागितलं नाही, पण आता माझ्याबरोबर एक पोल्का नाचायला पाहिजे."

तो पोल्का! त्या सालच्या सुगीच्या जेवणाला ओरेस्ट माझ्या शेजारून उठून बर्निसकडं गेला होता आणि सगळ्या गावासमोर तिच्याबरोबर नाचला होता. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. का नाचलास म्हणून विचारलं तर म्हणाला होता, "तिनं विचारलं." तो मरेपर्यंत, आणि मेल्यावरसुद्धा, तो पोल्का माझ्या घशात अडकून होता.

"कसा होता?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

"भयंकर. सगळा वेळ मान वळवून तुझ्याकडं बघत होता, किती रागावलीस म्हणून. माझ्या पायावर पाय दिला, तोही दोनदा." बर्निसनं नाक पुसलं. "मी काय काय आठवून ठेवलं होतं त्या नाचासाठी! आणि तो म्हणतो काय, बर्निस, गाणं लांबलं का गं?"

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. हेवा काही संपला नव्हता. माप घेताना तिची बोटं त्याच्या कानामागून गेली असणार, आणि तो केक चांगला झाला असणार, तिचे केक चांगलेच होतात. मला ते आत्ताही सलत होतं. पण तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच लक्षात आलं, की मी इतकी वर्षं जिच्यावर जळले ती माझ्यावर त्याहून जास्त जळत होती, आणि तिच्याकडं त्याला कारण होतं.

"खरी टोपी सापडली," मी सांगितलं. "कॅरोच्या एका बाईकडं आहे. लकी टोपी म्हणते."

"मग? मागून घे की. तुझ्या हातची आहे."

मी टेबलावरची टोपी उचलली. खरी टोपी ओरेस्टच्या डोक्यावर हिवाळाभरही राहिली नव्हती. ही त्यानं शेवटपर्यंत घातली. इस्पितळात गरम खोलीतसुद्धा मागून घेतली होती, नर्स हसत होत्या. आतली किनार त्याच्या कपाळानं पिवळी झाली होती. तो पिवळा रंग बर्निसनं विणला नव्हता आणि मीही नव्हता.

"राहू दे तिच्याकडं," मी म्हणाले. "लाल धागा आहे का तुझ्याकडं?"

"लाल लोकर संपलीय. कशाला?"

मी सांगितलं नाही. पिशवीतून फीत काढली. तेव्हा बर्निसचा चेहरा बदलला. हात जरासा पुढंही आला.

"ती मला द्यायला आणलीस?"

"तुझ्या तोंडावर मारायला आणली होती."

"आणि आता?"

"आता माझीच राहील. बक्षीस उलट्या साताला होतं."

"चोर तो चोर वर शिरजोर!" बर्निस म्हणाली, आणि इतकी हसली की कंबर धरून बसली.

मी फितीच्या कडेनं एक धागा नखानं सोडवला आणि हळूहळू ओढून काढला. चांगला लांब आला. सुई तिच्या डब्यातली घेतली, पण माझ्या बोटांत धागा आणि सुई दोन्ही थरथरायला लागली. बर्निसनं थोडा वेळ पाहिलं, मग न विचारता हातातून घेतली, धागा ओठांत ओला केला आणि एका झटक्यात ओवून दिली. ते मला आवडलं नाही, पण मी घेतली.

टोपी उलटी केली. गोंड्याच्या खाली, तिच्या त्या बेमालूम टाक्यांच्या मधोमध, सुई घातली. गाठीला वेळ लागला. एकदा निसटली. बर्निस मान पुढं करून बघत होती.

"तिकडं बघ," मी म्हणाले. "ही गाठ कुणाला दाखवायची नसते."

तिनं तोंड फिरवून रेडिओ लावला. मग मी दुहेरी गाठ मारली.